कोऱ्या बाटलीतलं शिसं

आमच्या वहिनीने पस्तिशी उलटल्यावर कॉलेजात नाव घातलं, आणि तेही कशाला, तर पर्यावरण रसायनशास्त्र शिकायला. मी म्हटलं, "अगं, शिवणाचा क्लास लाव, संगणक शीक. या वयात शिंगं मोडून वासरांत कशाला शिरतेस?" तिला लागेल असं बोलायची मला हौसच आहे, पण तिला काही लागलं तर शपथ. हसली आणि म्हणाली, "अहो ताई, वासरं गुणी आहेत. मला काकू म्हणतात आणि माझंच पेन मागून नेतात."

फी दादाने भरली, फॉर्मवर फोटोही त्यानेच चिकटवला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. गाडीचं पाणी थंड ठेवणारं ते जाळीचं डबडं असतं ना, रेडिएटर, ते गळायला लागलं की लोक त्याच्याकडे आणायचे. जुना डाख, म्हणजे सांधा बुजवणारा धातू, वितळवायचा, घासून काढायचा, नवा द्यायचा. डाख शिशाचा. हे मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यात दडवण्यासारखं काय होतं?

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून भावाकडे राहायला आले होते, काखेत पोर घेऊन. पोरीला सगळे ठकी म्हणायचे. दादा-वहिनीला मूल नव्हतं. संध्याकाळी दादाची चप्पल दाराशी वाजली की ठकी असेल तिथून धावत सुटायची आणि तो तिला उंबऱ्यातच उचलायचा. एक हात खाली, एक हात पाठीवर. तिथून जेवायला बसेपर्यंत ती त्याच्या खांद्यावर. माझ्या पोरीला बाप मिळाला तो या घरात, हे मी कुणालाही सांगेन.

ठकी लवकर बोलायला लागली होती. इतकी बडबडी की मी म्हणायची, जरा श्वास तरी घे गं बाई. आणि मग तिचे शब्द जायला लागले. तशी मुलं मध्येच गप्प होतात, मला कळत नाही का? पण हे तसं नव्हतं. आज एक शब्द गेला, चार दिवसांनी दुसरा. 'चेंडू' गेला, 'खिडकी' गेली. एकदा दूध हवं म्हणून तिने नुसतं कपाकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडून तशीच बसली, तोंडातून काहीच येईना. रंग उतरला, पोट धरून रडायची, घास थुंकायची. डॉक्टर म्हणाले, घर बदललं की होतं असं, लक्ष देऊ नका. आईला म्हणे लक्ष देऊ नका!

आणि ते चाटणं. बाहेरच्या खोलीत दादाची लाकडी खुर्ची होती. दुपारी घर शांत झालं की ठकी तिच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि खुर्चीचा हात चाटायची. हळूहळू, डोळे मिटून, गोड लागल्यासारखं. मी ओरडले की डोळे उघडून माझ्याकडे बघायची. कोण ही बाई, अशी बघायची. पोटच्या पोरीची भीती वाटते हे कुणाला सांगायचं? मी आपली फडकं घेऊन खुर्ची पुसत बसायची.

त्याच दिवसांत वहिनीचं कॉलेजात बिनसलं. तिचं शेवटचं वर्ष होतं. गावातल्या नळांचं पाणी आणून त्यात शिसं आहे का ते बघायचं, असा तिचा प्रकल्प होता. ताटं पुसता पुसता ती मला सगळं सांगायची आणि मी हूं हूं करायची. तर त्यात एक बाटली कोरी ठेवतात. म्हणजे तिच्यात नळाचं पाणी नाही, अगदी शुद्ध केलेलं पाणी. बाकी सगळं तेच: तशीच बाटली, तेच आम्ल, तेच हात. यंत्राने या बाटलीत काहीच नाही असं सांगायला हवं. ती रिकामी निघाली, तरच बाकीच्या बाटल्यांवर विश्वास ठेवायचा.

वहिनीची कोरी बाटली रिकामी निघत नव्हती. तिच्यात शिसं होतं.

"नीट धुतली नसशील," मी म्हटलं.

"आम्लात रात्रभर बुडवून ठेवते, ताई. भांडी घासल्यासारखं नसतं ते."

तिने बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, टेबल बदललं. काही फरक नाही. तिच्याबरोबर एक चुणचुणीत मुलगी काम करायची. तिने केलेली कोरी बाटली स्वच्छ. वहिनीने तीच बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, झाकण लावलं. शिसं! पोरांना तेवढंच हवं होतं. "काकू, तुमच्यामागून कुणीतरी येतं हो प्रयोगशाळेत," असं म्हणून खिदळायची. वहिनीही हसायची. मला मात्र ते ऐकून हसू आलं नाही. त्या दिवशी मी भरदुपारी दाराला आतून कडी घातली.

त्यांच्या मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कोऱ्या बाटलीत आपोआप काही येत नाही. कुणीतरी आणतं. तुम्ही सकाळी कुठून येता ते बघा." मग त्यांनी वहिनीला नवा कोट दिला, केस टोपीत घट्ट बांधायला लावले आणि पुन्हा सगळं करायला सांगितलं. बाटली स्वच्छ निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी टोपी हातात धरून तशीच उभी राहिली म्हणे. तिच्या केसांतून पडत होतं ते! रोज संध्याकाळी दादाचे कामाचे कपडे दारात झटकून ठेवायचं काम तिचंच होतं.

ती त्या दिवशी दुपारीच घरी आली. चहासुद्धा घेतला नाही. पिशवीतून फवाऱ्याची एक छोटी बाटली काढली, आत पिवळट पाणी.

"शिसं असेल तिथे हे गुलाबी होतं," ती म्हणाली. "तुम्ही खिडक्या लावून घ्या."

खिडक्या का लावायच्या ते मी विचारलं नाही. बहुतेक तिलाही कुणी बघायला नको होतं.

तिने दाराच्या कडीवर फवारलं. आम्ही दोघी बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग कडीच्या कडेने गुलाबी चढायला लागलं. दिव्याचं बटण गुलाबी. पाण्याच्या माठाचं झाकण, गुलाबी. खुर्चीचे हात तर असे रंगले की मी तोंडावर पदर दाबला. उशीवर डोक्याच्या आकाराचा गोल उमटला. ठकीच्या कपाच्या कानाला बोटं उमटली. इतके महिने आमच्याबरोबर कुणीतरी घरात वावरत होतं. आमच्या उशीवर झोपत होतं, आमच्या पोरीच्या कपाला हात लावत होतं आणि आता एकेक करून आपल्या खुणा दाखवत होतं. पुसलेलं, झाडलेलं घर माझं! मी रोज पुसत होते की तेच फडकं घेऊन घरभर पसरवत होते, देव जाणे.

"ठकीचा कालचा फ्रॉक कुठाय?" वहिनीने विचारलं.

मी म्हटलं, "नको."

"ताई, आणा."

फ्रॉक जमिनीवर पालथा पसरला. वहिनीने पाठीवर फवारलं आणि आम्ही वाट बघत बसलो. कापडावर आधी तळवा आला. मग अंगठा. मग एकेक बोट, लांब, रुंद, मोठ्या माणसाचं. अख्खा हात माझ्या पोरीच्या पाठीवर ठेवलेला.

मी मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते सांगत नाही. माझ्या लेकराला विष घातलंत, इथपर्यंत गेले. वहिनीने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "मला बोला, हवं तेवढं बोला. त्याला आज बोलू नका. त्याला नुसतं बघू दे. आकडे सांगितले तर तो हसेल, पण हे बघून नाही हसणार." आणि मग ती रडली. तीन वर्षं त्याने हौसेने शिकवलं तिला, आणि शिकून तिने त्याच्यासाठी आणलं काय, तर हे.

संध्याकाळी चप्पल वाजली. ठकी धावली. मी मधेच तिला कमरेला धरून उचललं.

"अरे वा," दादा उंबऱ्यात हसत म्हणाला, "आज पहारा बसवला वाटतं माझ्या राणीवर?"

वहिनीने फ्रॉक त्याच्यापुढे धरला आणि दोन-तीन वाक्यांत सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याने आपला हात उघडला, त्याच्याकडे बघितलं, मग फ्रॉककडे. हात कापडाजवळ नेला आणि टेकवायच्या आधीच मागे घेतला.

"धुतलं की जाईल ना हे?" त्याने विचारलं.

"कापडावरचं जाईल," वहिनी म्हणाली.

ठकी माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेपावत होती, लाथा झाडत होती. तिच्याकडे शब्द राहिले नव्हते, नुसता गळा काढून ओरडत होती. दादा पायरी उतरला, मग दुसरी. अंगणात जाऊन पाठीमागे हात बांधून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. एवढा दांडगा माणूस!

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं. सगळ्यांच्या रक्तात होतं. ठकीच्या रक्तात इतकं होतं की तिला दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि दादाच्या तिच्याहून जास्त. त्याने त्या आठवड्यात गॅरेजला कुलूप घातलं आणि पुढे टायर विकायचं दुकान काढलं. खुर्ची जाळू नका, धुरातून पसरेल असं वहिनीने बजावलं, म्हणून तिला गुंडाळून, बांधून नेऊन टाकली. घर जमिनीपासून छतापर्यंत पुसून काढलं, ओल्या फडक्याने, आणि दर वेळी नवं फडकं. वहिनी पास झाली. आता ती दुसऱ्यांच्या घरी तो फवारा घेऊन जाते. लोक तिला दारात बघून हसतात, मग गप्प होतात.

ठकीचे शब्द परत आले, सगळे नाहीत आणि लवकर नाहीत. गणितात ती अडखळते. ते त्यामुळेच का, हे कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. परवा ती शाळेतून आली आणि दप्तरही न काढता माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा त्याला न्यायला आला होता. आल्याआल्या त्याने भाच्याला उचलून गरकन फिरवलं म्हणे, सगळ्यांसमोर.

"मग?" मी म्हटलं.

ती डोळे मोठे करून, हळू आवाजात म्हणाली, "आई, त्याने आधी हात धुतलेच नाहीत."