पाण्याची बॅटरी

खर्डीपासून आत गेलं की टेकाडावर कुंडलिकचं एकटं घर आहे. पाड्यात विजेचे खांब आले ते टेकाडाच्या पायथ्याशीच थांबले, कारण मधे फॉरेस्टची जागा. कुंडलिकला त्याचं काही वाटलं नाही. खांब यायच्या कितीतरी आधी त्याच्या छपरावर सोलरची प्लेट होती, आणि सगळा पाडा त्याला ‘लायटीवाला’ म्हणायचा. हे तो अजूनही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी.

त्या काळी दिवस कलला की माणसं मोबाईल घेऊन टेकाड चढत. सगळे मोबाईल काळे नि सारखे, म्हणून कुंडलिकची बायको जनी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. लाल काशीचा, पिवळा बारकूचा. ते भरेपर्यंत ओटीवर वालाच्या शेंगा सोलल्या जात, लग्नं जुळत, एखादं मोडतही असे. पुढे घरोघर मीटर लागले आणि दोरे उतरले. काशी तर आपला दोरा परत द्यायला आली. कुंडलिकने तो खुंटीला अडकवला, तो तिथेच राहिला.

आता ती जुनी बॅटरी थकली. जेवणं व्हायच्या आत बल्ब पिवळा पडायला लागला, तेव्हा जनीचा भाचा दिपेश शहापूरहून बघायला आला. त्याचं तिथे सोलरचं दुकान आहे.

“मामा, चालवायचं काय काय?”

“चार बल्ब, पंखा,” कुंडलिक म्हणाला, “आन पंधरा-वीस मोबाईल.”

“वीस? तुमी दोघं कानाला किती लावता रे देवा!”

“लोक येतात.”

“कोण येतंय?” आतून जनी म्हणाली. “मांजर सोडून कोण फिरकत नाय.”

कुंडलिकने खुंटीकडे पाहिलं. दिपेशने आवाज खाली आणला. “मामा, मोठी घेतली तर ही प्लेट तिला भरणारच नाय. अर्धपोटी राहून लवकर मरंल. छोटी लिथियमची घ्या. म्हाग हाय, पण टिकती. पाणी नको, देखभाल नको. बसवली की माझं तोंडसुद्धा बघायला लागणार नाय.”

“आन आपल्या जुनीसारखी?”

“तिला दोन-तीन महिन्यांनी बॅटरीचं पाणी घालायला लागतंय.”

“कोण घालतो?”

“तुमीच. इतकी वर्षं कोण घालत होतं?”

“माझी नजर नाय राहिली रे. पाणी कुठवर आलं, दिसत नाय.”

“नजर नाय?” जनी चहा घेऊन दारात आली. “आता तर म्हणालात, दिपेशची गाडी वळणावर दिसली, मागचं मडगार्ड फुटलंय!”

दिपेशने मडगार्डकडे पाहिलं. फुटलेलंच होतं. मग त्याने मामांकडे पाहिलं. ते चहात बोट घालून नसलेली मुंगी काढत होते.

“पाण्याचीच देतो मग,” तो म्हणाला. “छोटी. पण पाणी घालायला मलाच यायला लागंल.”

“ये की. घाई नाय करायची. बायकोला पण आण, लग्नापासून वर आली नाय ती.”

जनीने रिकामी कपबशी उचलली. जाता जाता खुंटीवरचा लाल दोरा काढला आणि चार्जिंगला लावलेल्या दिपेशच्या मोबाईलला बांधून टाकला.