राजकुमारच्या गाडीतला सडका वास

राजकुमार ढिवराच्या घरात जन्मला, पण मासोळीचा वास त्याला सोसत नसे. बापासोबत तलावावर एकदाच गेला, तोही ओकत परत आला. मग गाडी शिकला, जुनी सात सीटांची गाडी घेतली आणि नाकाडोंगरीहून आजारी माणसं भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊ लागला. त्याची माय रेवताबाई तुमसरच्या बाजारात मासोळ्या विकायची, पण तिची टोपली गाडीत चढत नसे. ती एसटीनं जाई.

यंदा उन्हाळ्यात एसी गार करेना. लावला की सडका भपकारा मारी. एका बाळंतिणीला त्यानं उलटी झाली, तेव्हा राजकुमार घरी येऊन मायवर भडकला.

"तुह्या टोपलीचा वास होय हा!"

"मी तुह्या गाडीले हात तरी लावते का?"

त्याला काही ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात घेऊन त्यानं बॅटरीची तार सोडली, समोरचा कप्पा काढला आणि एसीच्या पंख्याचं झाकण उघडलं. कुजका वास थेट घशात उतरला. आत उंदराचं घरटं होतं. सीटचा कापूस, तणस, कुरतडलेल्या तारांचे तुकडे, आणि त्यात फुगून फुटलेली उंदरीण. तिच्या पिल्लांवर किडे वळवळत होते. एक किडा त्याच्या मनगटावर पडला.

तो कुंपणापाशी जाऊन भडभडा ओकला. आजारी माणसं इतके दिवस हीच हवा नाकात घेत होती, हे आठवलं आणि पुन्हा ओकला.

"हट बाजूले," रेवताबाईनं पदर खोचला. मासोळीचं पोट साफ करावं तसा तिनं सारा लगदा हातानं ओढून काढला. राजकुमार तोंड फिरवून टॉर्च धरून उभा होता.

"माय, उद्या बाजाराले गाडीनं चाल," तो पुटपुटला.

"नोको. तुह्या गाडीचा वास मासोळ्यायले लागन."

त्यानं फिनाईलनं आतला भाग तीनदा धुतला, तुटलेल्या तारा सोलून जोडल्या, वर टेप गुंडाळला, हवेच्या तोंडाला जाळी बसवली. बॅटरीची तार परत लावून गाडी सुरू केली. कंप्रेसर खट्‌कन लागला आणि गार हवा आली. चांगली गार. राजकुमारनं मात्र काचा उघड्याच ठेवल्या. त्या दिवशी मायनं वाढलेला भात त्याच्यानं गिळवला नाही. प्रत्येक शीत त्याला वळवळताना दिसत होतं.