साहेबाचं गाव ऱ्हायनं का गयं

साहेबाला इंग्रज म्हटलं की तो चिडायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गंमत त्यावरच आहे.

तो नंदुरबार स्टेशनात रुळांच्या देखभालीवरचा साहेब, आणि मी त्याच्या हापिसात नुकताच चिकटलेला टायपिंगचा कारकून. एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो, तुम्ही इंग्रज लोक. त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि विचारलं, तू गुजराती का? म्हटलं, नाही. घरी काय बोलता? अहिराणी. आणि शाळेत? मराठी. मग तो हसला. म्हणाला, माझंही तसंच, मी वेल्सचा, घरी एक बोली आणि शाळेत दुसरी. तिथून आमचं जे जमलं ते जमलंच.

फुटबॉल आणला तो त्यानेच. मालधक्क्याच्या मागे काळ्या मातीचं मोकळं रान होतं, तिथे रुळांखालचे जुने स्लीपर रोवून गोल केले. खेळायला मी, ट्रॉली ढकलणारे गडी, आणि माझा दोस्त, म्हणजे बाजारातल्या मारवाडी दुकानदाराचा मुलगा. तो धोतर खोचून असा पळायचा की चेंडू सोडून सगळे त्याच्याकडेच बघत बसायचे.

पण खरी मजा रविवारी, ट्रॉलीच्या शेडमध्ये! साहेबाच्या गावाकडची वर्तमानपत्रं बोटीने मुंबईला आणि मग रेल्वेने आमच्याकडे, आठवडेच्या आठवडे शिळी होऊन यायची. त्यात त्यांच्या कपाच्या बातम्या. वेल्समधली लहानमोठी गावं त्यात उतरायची. हरला तो गेला, दुसरी संधी नाही. बरोबरी झाली तरच परत खेळायचं. साहेबाचं गाव कोळशाच्या खाणींचं, त्याचे बाप-भाऊ सगळे खाणीत, आणि त्या गावाने तो कप कधी म्हणजे कधीच जिंकला नव्हता. साहेबाला आयुष्यात तेवढंच बघायचं होतं. तसं तो बोलला नाही कधी, पण पेपर उलगडताना तो आधी कपाचंच पान काढायचा, त्यावरून कळायचं.

तो आधी एकटाच वाचायचा, मग एका फळीवर सामना मांडून दाखवायचा. त्याच्या गावाचे खेळाडू म्हणजे कोळशाचे तुकडे. समोरचे म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, दोस्ताच्या दुकानातल्या. कोळसा जिंकला की आम्ही समोरचा सगळा संघ फोडून खाऊन टाकायचो. असे कितीतरी संघ आम्ही खाल्ले त्या साली. एकदा बरोबरी झाली आणि पुढचा निकाल पुढच्या टपालात. तो आठवडा मी हापिसात एक ओळ धड टाइप केली असेल तर शपथ.

घरी जेवताना मी हे सगळं मायला सांगायचो. तिने चेंडू कधी बघितला नव्हता, पण रविवारी संध्याकाळी मी दारात आलो की तिचा एकच प्रश्न, "साहेबनं गाव ऱ्हायनं का गयं?" मी म्हणायचो, ऱ्हायनं, अजून कपात आहे. मग ती ताट वाढायची. सोमवारी मी ते साहेबाला सांगायचो. त्याला ते इतकं आवडलं की तोही तसंच म्हणायला शिकला.

आणि गाव राहत राहत पार शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं! समोर कोण, तर सरहद्दीपलीकडचं एक इंग्रजांचं गाव. दोस्ताने विचारलं, कप वेल्सचा आणि इंग्रज कसे काय त्यात? साहेब म्हणाला, नवापूर संपून बडोदा संस्थान नेमकं कुठे सुरू होतं ते तू सांग, मग मी सांगतो. त्या सामन्यासाठी दोस्ताने शेंगा आणल्या नाहीत, सुकवलेल्या लाल मिरच्या आणून ठेवल्या. इंग्रज काय शेंगा असतात का, म्हणे.

त्या आठवड्यात मायने मानता मानली, म्हणजे नवस बोलली. साहेबाचं गाव जिंकलं तर श्रावणात कानबाईदेवीच्या प्रसादाच्या रोटात त्याच्या नावाचं पीठ मोजीन. आमच्याकडे कानबाईचा रोट घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ पीठ मोजून करतात, आणि तो भाऊबंदांशिवाय कोणी खात नाही. म्हणजे ही मानता लहान नव्हती. दोस्त ओट्यावर बसून शेंगा खात होता, त्याला हसूच आवरेना.

"मावशी, मॅच ते कव्हयच व्हई गयी. कागद बोटमा शे. देवी काय आते आगगाडी उलटी हाकी?"

"शेठ, तुले माहीत शे का कोन जिकनं?"

"नही."

"याले माहीत शे? साहेबले माहीत शे? मंग आपलाकरता ती मॅच आजून व्हयनी नही. गुपचूप शेंगा खा."

दोस्ताने पुढची शेंग फोडली.

पेपर आला. साहेबाने वाचला, घडी घातली, आणि फळीवर सामना मांडला. पहिला गोल कोळशाचा. आम्ही नाचलो. मग एक मिरचीचा. मग, अगदी शेवटी, अजून एक मिरचीचा. त्याने कोळशाचे तुकडे एकेक करून वेचले, खिशात टाकले आणि मला म्हणाला, "तुन्ही मायले सांग. गयं."

मी घरी सांगितलं. मायने तरी ताट वाढलं.

श्रावण आला, रनाळ्याहून भाऊबंद जमले, आणि माय पीठ मोजायला बसली. माझ्या बापाचं लक्ष होतं. मुठी जास्त झाल्या. त्याने विचारलं, गाव हरलं ना, मग मानता कसली? भाऊबंद काय म्हनतीन?

"मानता नहीच," माय म्हणाली. "पन घरना माणूस हारीसन ऊना ते त्याले रोट नको का?"

साहेब आला. बूट दारात काढले, मांडी नीट जमेना तरी पाटावर बसला, माझ्या आणि रनाळ्याच्या थोरल्या काकांच्या मधे. काका आधी अंग चोरून बसले होते. मग साहेबाने गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी दुसऱ्यांदा मागितली तसे जरा सैलावले आणि त्याला म्हणाले, हारनात ते हारनात, पुढला साल शे ना. मी इंग्रजीत सांगायला लागलो तर साहेबाने हातानेच थांबवलं. त्याला कळलं होतं.

पुढलं साल कसलं! लढाई सुरू झाली, वर्तमानपत्रं यायची बंद झाली, साहेबाची बदली झाली आणि मग तोही कुठे गेला ते कळलं नाही. आता गोलांच्या मधे एरंडी उगवलीय. दोस्त दुकानावर बसतो, पोट सुटलंय.

माय मात्र अजून अधूनमधून विचारते, साहेबनं गाव ऱ्हायनं का गयं? मी म्हणतो, माहीत नाही. मग ती म्हणते, मंग आजून व्हयनी नही. आणि श्रावणात पीठ मोजताना शेवटची सव्वा मूठ घालते, ती बापाकडे न बघता.