अमावस्येला अडकलेलं चाक

आमच्या सिद्रामप्पा मिस्त्रींना घाई हा प्रकारच माहीत नाही. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरल्या दुधनीचे. तरुणपणी सीना नदीकाठच्या आमच्या वस्तीवर कुणाचा तरी पंप बसवायला आले आणि इथंच राहिले. घरात ईरम्माकाकूंशी कानडी, आमच्याशी मराठी आणि बिघडलेल्या इंजिनाशी पुन्हा कानडी. इंजिनाशी जास्त प्रेमानं बोलतात, असं काकूंचं म्हणणं. पंप दुरुस्त करून दिला की मालकालाही वर चार शब्द सुनावतात, तेल काय मी येऊन घालू का म्हणून. तरी माणसं त्यांच्याकडंच जातात. मला मात्र त्यांचा सावकाशपणा बघून अंगाचा तिळपापड व्हायचा.

सप्टेंबरात सीनेचं पाणी पुलावर चढलं आणि वस्ती तुटली. माझ्या सासूच्या, रंभाबाईंच्या, किडन्या निकामी झाल्यात. मी त्यांना आत्या म्हणते. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस लागतं आणि गुरुवारचं चुकलं होतं. पाय सुजून आलेले, आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून राहायच्या. नवरा पुण्यात अडकलेला. वर मलाच म्हणायच्या, "तू नगं गं घाबरू." घाबरायला वेळ कुणाला होता? मी दिसेल त्याच्यावर चिडत होते.

वस्तीनं वर्गणी काढून घेतलेली एक होडी होती, मागं जुनं इंजिन लावलेली. नेमकी तीच बंद पडली. सरकारी बोट खालच्या गावांतून माणसं काढत होती, ती कधी येणार कुणालाच सांगता येईना. शनिवारी संध्याकाळी सिद्रामप्पांनी इंजिन आपल्या शेडात आणवलं. ठिणगी पाडणारी कॉइल जळाली होती. जुळणारी दुसरी त्यांच्या डब्यात निघाली, पण कॉइल असते वरच्या जड चाकाच्या पोटात, आणि चाक तर गंजून दांड्यावर घट्ट बसलेलं. त्यांनी नट सैल करून तसाच ठेवला, चाक वर ओढणारा पुलर लावला, त्याचा मधला बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि तेल सोडलं. चाक तसूभर हललं नाही.

"ऱ्हाऊ दे आता तसंच," म्हणाले आणि हात पुसून घरी गेले.

रविवारी सकाळी मी शेडात गेले, तर आप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून नुसते बसलेले. सर्वपित्री अमावस्या होती. आमच्याकडचे मिस्त्री अमावस्येला हत्याराला शिवत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण आजसुद्धा?

"आप्पा, दोन घाव घाला की! निगंल ते."

"आज अमावस्या हाय. हत्यार बंद."

"अमावस्या तुमची, पण श्वास माज्या सासूचा कोंडलाय!"

"म्हणून तर म्हणतोय, गप बस जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडा मीच उचलणार होते, पण तो दिसेना. सगळं शेड धुंडाळलं तेव्हा कळलं, आप्पा तो बुडाखाली घेऊन वर पोतं अंथरून बसले होते. मग मी नाही नाही ते बोलले. माणूस मेलं तरी चालेल, तुमचा नेम मोडू नका, इथपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधूनच उठून चाकाच्या मध्यावर तेलाचे थेंब तेवढे सोडत होते.

आत्यांना गोळ्या देऊन मी दुपारी परत आले, राहिलेलं भांडण पुरं करायला. तोंड उघडणार एवढ्यात इंजिनातून टण्ण असा आवाज आला. मी दचकलेच. कालपासून पुलरच्या ताणावर राहून चाक आपोआप सुटलं होतं.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"पाना घे," म्हणाले. "अमावस्या मिस्त्र्याला. तू कुटं मिस्त्री हायस?"

मी पुलर सोडला, नट काढला, चाक उचलून उलटं केलं. आतल्या कडेनं लोहचुंबक चिकटवलेले होते.

"घाव बसला असता तर ह्यांचं तुकडं झालं असतं. दुसरं चाक कुटनं आणलं असतंस?"

"मग सकाळीच सांगायचं की, आप्पा!"

"तू ऐकाया बसलीस कवा?"

ते तोंडानं सांगत गेले, मी डब्यातली कॉइल बसवत गेले. माझी घाई झाली की कानडीत "तडी, तडी" म्हणून थांबवायचे, पुन्हा सांगायचे. सकाळी मी दिलेल्या शिव्याशापांबद्दल एक शब्द काढला नाही. उलट काकूंना हाक मारून मला चहा द्यायला लावला. त्या चहानं मला रडूच आलं. इतका मोठा माणूस आमच्या वस्तीच्या वाट्याला आला, हे आमचं नशीब.

नदीवर येडू नावाड्यानं दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. चौघांनी आत्यांना उचलून होडीत बसवलं. पाण्याला ओढ होती, पण इंजिन मध्ये एकदाही अडखळलं नाही. पलीकडं जीप मिळाली आणि आम्ही सोलापूर गाठलं.

डायलिसिस झाल्यावर मी आप्पांना फोन लावला. आभार मानायचे होते. शेजारी कॉटवर आत्या चक्क पाठीवर आडव्या झोपून घोरत होत्या. मी फोन तसाच त्यांच्या तोंडापाशी धरला.

आप्पांनी ते घोरणं इंजिनाच्या आवाजासारखं कान देऊन ऐकलं.

"बेस चाललंय की," ते म्हणाले. "आता हात लावू नगंस."