आजाऱ्यांची खोली

मी केडगावच्या एका बोर्डिंगात साहाय्यक मास्तर होतो, तेव्हा लढाई चालू होती आणि धान्य परमिटावर मिळत होतं. सरकारी मान्यता मिळाली तर बोर्डिंगला ग्रँट आणि पोरांना ज्वारी. नाही मिळाली तर पोरं आपापल्या गावी गुरांमागं. मान्यतेच्या अटींत एक अट अशी होती, की आजारी मुलांसाठी वेगळी खोली हवी. हवेशीर, चुना दिलेली, खाटेसकट.

तशी खोली आमच्याकडे होती. तिच्यात तिसगावकडचा एक मुलगा मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, पडून होता. त्याच्या वडिलांना निरोप धाडला होता, पण काढणी चालू होती, ते आले नव्हते.

मान्यतेच्या तपासणीला साहेब येणार असं कळलं तसे बोर्डिंगचे गृहपती म्हणाले, "मास्तर, खोली रिकामी करा. चुना मारायचाय."

"आणि पोरगं?"

"मागं, कडब्याच्या छपरात. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. असला ताप दिसला तर साहेब बोर्डिंगच बंद करतील."

मुदतीच्या तापाचं माणूस हलवू नये, आतून रक्त सुटतं, हे आमच्याकडे कुठल्याही म्हातारीला ठाऊक असतं. मलाही होतं. गृहपती हट्टी नव्हते. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. मी म्हटलं नाही. आता ते हयात नाहीत, त्यामुळं सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण पोराला घोंगडीत घालून उचललं तेव्हा डोक्याकडची बाजू माझ्या हातात होती.

"घरी नेताय का?" त्यानं विचारलं.

"नाही रे. इथंच, मागं."

"सायेब गेला की परत आनाल ना?"

"आणू."

बाकीची पोरं चुना मारायला लागली. त्यातला एक म्हणाला, "मास्तर, सायेब आजारी पडनार हाय का? येवढा थाट कुनासाठी?" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब टांग्यातून उतरले. बरोबर सरकारी डॉक्टर होते. ते येणार हे आम्हाला माहीत नव्हतं. साहेबांनी खिडकी उघडून पाहिली, खाट दाबून पाहिली. डॉक्टरांनी विचारलं, "सध्या कोणी आजारी?"

गृहपतींनी माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो.

"नशीबवान आहात. शहरात मुदतीचा ताप फार आहे."

मग चहा झाला. डॉक्टरांची पेटी माझ्या पायाशी ठेवलेली होती आणि छप्पर भिंतीपलीकडे होतं. मी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यालो.

टांगा गेल्यावर आम्ही मागं गेलो. पोराखालची घोंगडी रक्तानं भिजली होती. तो बोलत नव्हता. डॉक्टरांना गाठायला एक माणूस सायकलवर पिटाळला, पण तो परत यायच्या आत सगळं संपलं. परत आणू म्हटलं होतं, तसं मग त्याला खोलीत आणलं आणि खाटेवर ठेवलं. मला रडू आलं नाही. त्या दिवशी मी जेवलोही.

वडील आले. दाराबाहेर वहाणा काढून आत गेले. मुलाजवळ बराच वेळ बसले. मग उठून भिंतीवर हात ठेवला. बोटांना चुना लागला.

"हितंच हुता का, शेवटपातुर?"

"हो," मी म्हणालो.

"आमच्या घरी खाट बी न्हाई. लई केलंत, मास्तर."

त्यांनी हात जोडले. पोरं दाराशी उभी होती. सगळ्यांना माहीत होतं.

मान्यता आली. पोरं राहिली, शिकली, काही पुढं मास्तर झाली. ह्याच्या बळावर मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली.

तिसगावच्या बाजारात त्याचे वडील मला कधीमधी भेटत. बरोबरच्या माणसाला दर वेळी सांगत, "ह्यांनी माझ्या पोराला खाटंवर निजवला हुता." मी मान हलवायचो आणि भाजी घेत पुढं जायचो. नंतर मी त्या बाजाराला जाणंच सोडलं. ते आज आहेत की नाहीत, ठाऊक नाही. मी चौकशी केलेली नाही.

पोरगा खाटेवर नव्हता. कडब्यात होता, एकटा. आणि डॉक्टर दारात आलेले असताना, कोणी आजारी नाही, असं सांगणारा मी होतो.