परीक्षणासाठी आलेली पार्सलं

आमच्याकडे परीक्षणं कमी आणि किस्से जास्त जमतात. परीक्षण एकदा साइटवर चढलं की संपलं. किस्सा मात्र रोज चहाबरोबर निघतो आणि दर वेळी थोडा वाढतो. मी घडलं तेवढंच सांगते. वाढवायचं काम आमच्या प्रकाशभाऊंचं!

शहाद्यात एसटी स्टँडजवळ, एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आमची वेबसाइट चालते. करमणुकीची. अहिराणी गाणी, शॉर्ट फिल्म, पुस्तकं, खेळ, कुणी काही पाठवलं की आम्ही ते बघतो, ऐकतो, वाचतो आणि त्यावर लिहितो. प्रकाशभाऊ मालक. आधी ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. ज्योती पार्सलं उघडते, नोंद ठेवते आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाला फोन करून सांगते, "तुमचं पार्सल मिळालं हं." लिहायचं काम माझं.

साइट सुरू करताना भाऊंनी कुठल्यातरी मोठ्या साइटवर बघून एक ओळ टाकली : 'आपलं प्रॉडक्ट परीक्षणासाठी खालील पत्त्यावर पाठवा.'

मी म्हटलं, "भाऊ, प्रॉडक्ट काय? कलाकृती लिहा."

भाऊ म्हणाले, "कलाकृती म्हटलं की लोक घाबरतात!"

मग लोक अजिबात घाबरले नाहीत.

*

पहिलं पार्सल आलं ते भलंमोठं. ज्योतीने कात्री लावली, तर आत ज्वारीचे बिबडे, आमच्या खानदेशी पद्धतीचे पापड! चांगले शंभरेक. वर चिठ्ठी : 'परीक्षण करावे. तारे द्यावे.'

पाठवणाऱ्या होत्या सारंगखेड्याजवळच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष, कमलबाई. ज्योतीने फोन लावला. "मावशी, आमची साइट करमणुकीची आहे. आम्ही सिनेमा, गाणी असलं बघतो."

"मंग? सिनेमा दखताना लोके काय हवा खातस का?"

"तसं नाही मावशी, पण पापडाचं परीक्षण कसं लिहायचं?"

"सिनेमानं लिखतस ना, तसंच लिखा. सिनेमा पडी जास बेटा, मन्हा पापड कधीच नही पडस!"

आम्ही तळून खाल्ले. मी चार ओळी लिहिल्या. पाचपैकी पाच तारे मिळालेली ती आमची पहिली 'कलाकृती'. भाऊ तर म्हणाले, सहावा तारा काढता येतो का बघ!

*

एका बस ड्रायव्हरने अहिराणी गाणं पाठवलं. प्रेमाचं होतं. गळा गोड, पण मागे सतत बसचं इंजिन. घरात पोरांचा गोंधळ, म्हणून दुपारच्या हॉल्टला बसमध्येच बसून त्यांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. कंडक्टर डबा खात होता म्हणे.

दुसऱ्या कडव्यात, अगदी विरहाच्या ओळीवर, एका बाईचा आवाज येतो, "ओ भाऊ, ही गाडी तळोदाले जास का?"

आणि गायक सूर न सोडता, त्याच चालीत उत्तर देतो, "जास, जास, बसा मावशी!" आणि पुढे विरह चालू!

आम्ही तिघं हसून हसून बेजार. पण मी लिहिताना खरं लिहिलं, की त्या एका ओळीत गाणाऱ्याचा सगळा स्वभाव कळतो. गाणं खूप फिरलं. ड्रायव्हरसाहेबांना हुरूप आला. त्यांनी रजा टाकली, नाशिकला जाऊन स्टुडिओत तेच गाणं नव्याने गायलं. बासरी काय, तबला काय! इंजिन नाही, काही नाही. एकदम स्वच्छ.

आम्ही ते साइटवर लावलं. खाली पहिली कमेंट आली, "मावशी कोठे गई?"

दुसरीही तीच. तिसरीही तीच!

*

तळोद्याचे एक टेलर आहेत, रमेशभाऊ. ब्लाउज शिवता शिवता त्यांनी बावीस मिनिटांची शॉर्ट फिल्म काढली. कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, हिरोही तेच. हिरो मरतो. आणि मरायला नऊ मिनिटं घेतो.

मी दोन तारे दिले. लिहिलं, 'नऊ मिनिटं घेण्याऐवजी नायकाने लवकर प्राण सोडले असते तर प्रेक्षकांचे वाचले असते.' लिहिताना मला ते वाक्य फार आवडलं होतं. साइटवर गेल्यावर मात्र वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात रमेशभाऊ आणि मागे त्यांच्या बायको. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. प्रकाशभाऊंनी हळूच खुर्ची मागे सरकवली.

रमेशभाऊंनी कागद सोडला. आत माझं परीक्षण. प्रिंट काढून, लॅमिनेशन करून, फ्रेममध्ये!

"ताई, यावर सही पाहिजे."

मी म्हटलं, "रमेशभाऊ, मी तर चांगलं लिहिलं नाही..."

"नाही लिहिलं. पण ताई, सगळं बघून लिहिलंय. नऊ मिनिटं तुम्ही मोजली. माझ्या सख्ख्या भावाने पाच मिनिटांत बंद केली होती."

मी सही केली.

चहा आला, तशा त्यांच्या बायको मोकळ्या झाल्या. "ताई, मी पहिल्या दिवसपासून सांगी ऱ्हायनू, आवरा, लवकर मरा! तव्हय माल्हेच बोलनात. मी सांगं ते भांडन, अन् तुम्ही लिखं ते परीक्षण!"

रमेशभाऊ एवढे हसले की त्यांच्या बशीतला चहा फ्रेमवर सांडला. लॅमिनेशन होतं म्हणून वाचलं.

*

पाटीलगुरुजी निवृत्त शिक्षक. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी पुठ्ठ्यावर स्वतः रंगवून एक खेळ पाठवला. सापशिडीसारखाच, पण साप नाहीत आणि शिडी नाही. तळोद्याहून जीपने निघायचं आणि डोंगरातल्या शाळेत पोचायचं. घराघरावर सूचना. 'घाटात बैल आडवे : एक डाव थांबा.' 'बाजाराचा दिवस : मागे जा.' आणि पहिल्याच घरावर : 'जीप भरली नाही. सहा पडेपर्यंत थांबा.'

परीक्षण लिहायचं तर खेळणं आलं. आम्ही तिघं बसलो. मला सहा पडेना. भाऊंना पडेना. ज्योतीला पडला, ती दोन घरं गेली आणि बाजाराच्या दिवसाने परत पहिल्या घरावर! दुपारचे चार वाजले. कुणीही तळोदा सोडलं नव्हतं.

शेवटी मी फोन केला. "गुरुजी, खेळ छान आहे, पण निघताच येत नाही हो!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं असाच शाळेत गेलो."

मी विचारलं, "मग हा खेळ संपतो कसा?"

"मुलं वाट बघत असतात ना. त्यामुळे पोचतोच माणूस."

मी ते वाक्य परीक्षणात जसंच्या तसं घातलं. भाऊंना मात्र अजून सहा पडलेला नाही!

*

आमच्या ज्योतीचा एक किस्सा ती स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तापीकाठच्या एका गावातून एक पुस्तक आलं. शेतातल्या आठवणींचं, स्वतःच्या खर्चाने छापलेलं. लेखक दगाआप्पा, वय ऐंशीच्या पुढे. ज्योतीने नेहमीसारखा फोन केला. पार्सल मिळालं एवढंच सांगायचं होतं, पण आप्पा बोलत बसले. केळीची बाग, नदीचा पूर, एका म्हशीची हुशारी. मुलं दोन्ही परगावी, चांगल्या नोकरीत.

पुढच्या महिन्यात पुन्हा पार्सल. तेच पुस्तक. ज्योतीला वाटलं, चुकून आलं. पुन्हा फोन, पुन्हा म्हैस.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच! ज्योती म्हणाली, "आप्पा, हे पुस्तक तिसऱ्यांदा आलं हो."

मग आप्पा म्हणाले, "हा का? मंग आते पुढला महिनामां धाडू नको का?"

ज्योती पटकन म्हणाली, "असं कुठे म्हटलं मी? धाडा, धाडा!"

मी तोवर पुस्तक वाचून काढलं होतं. सुरेख होतं. मी उत्साहाने म्हटलं, "ज्योती, आप्पांचं परीक्षण या आठवड्यात लावू या."

ज्योतीने माझा हातच धरला. "ताई, एवढ्यात नको ना! परीक्षण आलं तर ते पाठवायचं बंद करतील."

*

आणि आता हा शेवटचा.

धडगावच्या बाजूच्या एका पाड्यावरून पाकीट आलं. आत मोबाइलचं मेमरी कार्ड आणि वहीचा कागद. लिहिणाऱ्याचं नाव दिलीप. अक्षर नीट, आश्रमशाळेत शिकलेल्याचं. 'माझी आई पावरी गाणी गाते. आधी सोबत गावातल्या बाया गायच्या. त्या आता कामासाठी गुजरातकडे गेल्या. काही परतच आल्या नाहीत. आई एकटी गायली आहे. कोणी ऐकले तर कळवा. आई रोज विचारते.'

आम्ही गाणं लावलं. पावरी ही तिकडच्या डोंगरातली बोली, शब्द तिघांनाही कळेनात. पण आवाज! जाडसर, मोकळा, समोरच्या डोंगरावर जावा असा. फक्त प्रत्येक ओळीनंतर ती बाई थांबायची. आणि बराच वेळ थांबायची. नुसता वारा, कोंबडीचा आवाज. मग पुढची ओळ.

भाऊ शूटिंगवाले. ते म्हणाले, "एडिटिंग राहिलंय यांचं." त्यांनी मधली शांतता सगळी कापली. अकरा मिनिटांचं गाणं पाच मिनिटांवर आलं. मी भरभरून कौतुक लिहिलं आणि शेवटी शहाणपणाचं एक वाक्य जोडलं : 'मूळ ध्वनिमुद्रणातल्या रिकाम्या जागा टाळायला हव्या होत्या.'

आठवड्याने दिलीपचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढला होता, धाप लागलेली ऐकू येत होती.

"मॅडम, आईला ऐकवलं. तिला आनंद झाला. पण ती विचारते, समोरच्या बायांची जागा कुठे गेली?"

"कोणत्या बाया, दिलीप?"

"लग्नाचं गाणं आहे ना ते. एक ओळ नवरीकडच्या बाया म्हणतात, दुसरी नवरदेवाकडच्या. सवाल-जवाब असतो. आई नवरीकडची. ती समोरच्यांसाठी थांबली होती."

फोन स्पीकरवर होता. भाऊ उठले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी अकराच्या अकरा मिनिटं परत जागेवर ठेवली. मी माझं ते शहाणपणाचं वाक्य काढून टाकलं. दिलीपची माफी मागितली, तर तोच म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत असणार, मॅडम?"

पण परीक्षण आता नव्याने लिहायचं, तर अर्थ तरी कळायला हवा होता. ज्योतीच्या गल्लीत सुमनताई म्हणून एक नर्स राहतात. माहेर डोंगरातलं, बोली पावरी. नोकरीमुळे वीसेक वर्षं इकडे सपाटीवर. ज्योती त्यांना ड्युटीवरून सुटल्या सुटल्या घेऊन आली. खांद्याला पर्स, हातात डबा. म्हणाल्या, "पाच मिनिटं ऐकते, अर्थ सांगते आणि निघते. घरी स्वयंपाक आहे."

भाऊंनी गाणं लावलं. पहिली ओळ झाली. सुमनताई ओठांतल्या ओठांत हसल्या. मग शांतता. वारा, कोंबडी. त्या आमच्याकडे बघून लाजल्या आणि खाली बघत राहिल्या.

दुसरी ओळ. पुन्हा शांतता. या वेळी त्या अगदी हळू, स्वतःशीच काहीतरी गुणगुणल्या.

तिसऱ्या ओळीला त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

चौथीला पर्स काढली.

मग त्या गायल्या! तिकडून एक ओळ यायची आणि तिची शेवटची ओढ संपायच्या आत इकडून सुमनताईंची सुरू व्हायची. बरोबर त्या जागेत बसायची, ना कमी, ना जास्त. मध्येच त्या गाता गाता हसल्या, बहुतेक समोरच्यांना काही टोमणा मारला असावा. खाली स्टँडवर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ज्योती दाराला टेकून उभी होती, भाऊंचा हात माउसवर तसाच राहिला होता.

अकरा मिनिटांनी गाणं संपलं.

मी वही उघडली आणि हळूच म्हटलं, "सुमनताई, अर्थ सांगता का आता?"

त्यांनी पदराने डोळे पुसले, चेहरा पुसला आणि खुर्ची स्पीकरच्या जवळ ओढून घेतली.

"अर्थ मग सांगते. आधी परत लावा. माझं एक उत्तर चुकलं."