खिडकीतून टाकलेली फाइल

बाजाराच्या दिवशी आमच्या घाटावरच्या गावात एसटी पकडायची एक रीत आहे. दाराशी रेटारेटी करण्याआधी, बस वळत असतानाच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे असेल ते आत टाकायचं. ज्याची वस्तू, त्याची सीट. एरवी हातून धड काही न होणारा मी या कामात पटाईत. शिक्षक म्हणून ओळख विसरलेले लोकही मला नेमबाज म्हणून ओळखतात.

त्या दिवशी सोबत पलीकडच्या खेड्यातली मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थ्याची. बुलढाण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. अस्सल कागदपत्रं घेऊन पाचपर्यंत हजर व्हायचं, शेवटचा दिवस. बाप सोयाबीन सोंगणीत अडकलेला. सकाळी तिला माझ्या दारी सोडून म्हणाला, "जय भीम, सर. तुम्ही संगं असले की मले घोर नाही."

बुलढाण्याला जायला चिखलीत बस बदलावी लागते. चिखलीची साडेअकराची बस रद्द झाली, म्हणून दोन बसांची माणसं साडेबाराच्या बसवर तुटून पडली. मी रुमाल काढला. पण अलीकडे रुमालाला कोणी जुमानत नाही, बाजूला सारून खुशाल बसतात. पोरीच्या हातात फाइल होती, आतले शिक्के बाहेरून दिसणारी.

"दे इकडं. हिला कोणी हात लावणार नाही."

"सर, त्यात ओरिजनल हायेत."

"म्हणूनच तर!"

नेम अचूक. तिसरी खिडकी. मग आम्ही दाराकडे धावलो, पण गर्दीत दारापर्यंत पोचलोच नाही. कंडक्टरनं बेल मारली. मी बसमागं वीसेक पावलं पळालो, एक चप्पल मेथीच्या ढिगात गेली.

"सर, सीट तं भेटली!" भेळवाला ओरडला. सगळा स्टँड हसला. मीही हसलो. पोरगी नाही हसली.

जीपा सगळ्या बाजारासाठी खेड्यांकडं गेलेल्या. पुढची बस अडीचला. चिखलीतल्या मेहुण्याला फोन करून त्याला तिथल्या स्टँडवर पिटाळलं. त्याचा फोन आला, "भाऊजी, फाइल एका म्हातारीजवळ हाये. पण देऊन नाही राह्यली. म्हणते, आत पोरीचा फोटो हाये, तिलेच देईन."

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. म्हातारी फाइल पोटाशी धरून बाकावर बसलेली. तिची स्वतःची पुढची बस या राखणीत गेली होती.

"कोन येडं हो, असे कागदं फेकून देते?" तिनं मलाच विचारलं.

पोरीनं खाली पाहिलं. मी शेंगदाणेवाल्याकडं पाहिलं.

बुलढाण्याला कॉलेजात बाबू कुलूप लावत होता. आधी मी वर्गातला आवाज काढला, मग हात जोडले. "पाचलाच यादी वर गेली, सर," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये जागाच जागा होती. फाइल मांडीवर ठेवून ती म्हणाली, "सर, मी उभ्यानं गेली असती ना."

बाप स्टँडवर वाट पाहत होता, अंगावर सोयाबीनचा भुसा तसाच. "काय झालं, सर?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगीच बोलली, "बस नाही भेटली, बाबा."

"मंग सर तरी काय करतीन," तो म्हणाला. दिवसभर तिच्यासाठी वणवण केली म्हणून माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.